उशिरा आलेली लस

म्हसळ्याचा जैनुद्दीन आखातात औषधांची थंड गाडी चालवायचा. तिथल्या शाळांना तो लशीचे खोके पोचवी. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून मुलींना वाचवणारी लस. तिथे ती फुकट टोचत. त्याच आजाराने इकडे घरी त्याची बायको अतिया गेली. तो पोचला तेव्हा दफनही उरकलं होतं.

त्याने नोकरी सोडली. पदरात शाळकरी लेक निदा. तिला लस द्यायचीच म्हणून तो गावच्या डॉक्टर सुचिताताईंकडे गेला. किंमत ऐकून हबकलाच; परवडणारी नव्हती.

"आपल्या देशात एवढ्या लशी बनतात. मग हीच का नाही?"

"पेटंट आहे, जैनुद्दीनभाई. हक्क बाहेरच्या कंपन्यांचे. दुसरा कोणी बनवायला गेला तर कोर्टात खेचतील."

"म्हणजे बनवता येते, पण बनवू देत नाहीत?"



पुढे पोटासाठी त्याने सहा आसनी रिक्षा घेतली आणि तीत बसेल त्याला तो हे ऐकवी. लोक हसायचे, त्यामुळे तो आणखी भडकायचा.

काही वर्षांनी इथेच बनलेली स्वस्त लस आली. शाळेत मोफत शिबिर ठेवलं. निदा तोवर कॉलेजात गेली होती. तिने दंड पुढे केला तेव्हा त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात माईकवर एक पुढारी मुलींना म्हणाला, "नशीबवान आहात तुम्ही."

जैनुद्दीन ताडकन उठला. "नशीब कसलं? अतियाचं लस घ्यायचं वय तर ती निघाली तेव्हाच उलटून गेलं होतं, तिच्यासाठी मी भांडत नाही. पण मधल्या वर्षांत ज्या पोरी मोठ्या झाल्या त्यांचं काय? त्यांना कोणी थांबवून ठेवलं?"

"अब्बा, बसा," निदा म्हणाली. तो बसला नाही.

रांगेत कुणबीवाडीची हेमाली होती, तिशीतली. वय ऐकून सुचिताताईंनी मान हलवली. "इथे सव्वीसपर्यंतच देतो गं. तू तपासणी चुकवू नकोस."

"मी दहावीला असताना विचारलेलं, ताई. तेव्हा तुम्हीच म्हणालेलात, महाग हाय," हेमाली म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली.

जैनुद्दीनने तिला रिक्षात बसवलं. वाडीपर्यंत तो नुसता गिअर आपटत राहिला. उतरताना ती म्हणाली, "चाचा, माझ्या पोरीला उद्या लशीला न्याल ना?"

"उद्या कशाला? बोलाव तिला. शिबिर अजून चालू आहे," तो ओरडला आणि त्याने रिक्षा तिथेच वळवून उभी केली.