राणी क्वेलाराचं एक वाक्य

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली पडदा टांगून, तिथल्या मराठी मंडळाची गणपतीतली नाटकं होत. २००६ साली त्या पडद्यामागे त्रेसष्ट वर्षांच्या वीणाबाई तोंडाला निळा रंग फासून उभ्या होत्या. खांद्यावर राणीची झूल म्हणून गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा. काय तो थाट! ऐन उमेदीत या बाईंनी गावोगावी खलनायिका रंगवल्या. त्या विंगेतून नुसत्या आल्या, तरी पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसत.

नाटक होतं अकरा वर्षांच्या निधीच्या कॉमिकवरचं. तिने स्वतः काढलेलं, स्वतः रंगवलेलं. परग्रहावरची राणी क्वेलारा आज पृथ्वीच्या शत्रूंकडून लढते, उद्या पृथ्वीकडून.

"मग ती नक्की कुणाच्या बाजूची?" वीणाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"डिपेंड्स, आजी. शी स्विचेस साइड्स."

"आमच्या वेळी बाई दुष्ट म्हणजे तिसऱ्या अंकापर्यंत दुष्ट."

"बोरिंग," निधी म्हणाली. मग हळूच सांगितलं, की पृथ्वीवरची लढवय्यी मुलगी खरं तर क्वेलाराचीच असते. बाळ असताना दुसऱ्यांकडे ठेवलेली.

वीणाबाईंनी विचारलं, "का ठेवलं?"

"तिला स्पेसशिप मिळालं ना."

"आणि परत का नाही आली?"

"आय हॅवन्ट डिसायडेड."

"लवकर ठरव बाई."

निधीची आई नेत्रा वीणाबाईंची भाची. निदान नेत्रा तसंच समजत होती. खरं तर ती वीणाबाईंच्याच पोटची. लग्नाआधीची. नाटक कंपनीचा दौरा ठरलेला, बाळाचा बाप केव्हाच निघून गेलेला. नागपूरच्या थोरल्या बहिणीला मूल नव्हतं. तिने बाळ पदरात घेतलं आणि एकच वचन मागितलं, हिला कधी कळता कामा नये. वीणाबाईंनी वचन दिलं आणि दौऱ्याच्या गाडीत चढल्या. दोनच वर्षांनी त्या मुलीला न्यायला आल्या, तेव्हा ती ताईच्या कडेवरून त्यांच्याकडे यायलाच तयार होईना. त्या पुन्हा गाडीत चढल्या. तेव्हा जरा धीर धरून राहिले असते तर, हा विचार पुढे प्रत्येक गावच्या मेकअपच्या आरशात त्यांच्यासमोर येऊन बसायचा.

आदल्या वर्षी ताई गेली. आता वचन कुणासाठी पाळायचं? सांगून टाकावं, याच विचाराने त्या अमेरिकेला आल्या होत्या. पाच महिने झाले, सांगणं काही होईना.

प्रयोग छान रंगला. शेवटच्या प्रवेशात लढवय्यी मुलगी झालेली निधी लाकडी तलवार उगारून समोर आली. राणीने आता म्हणायचं होतं, 'थांब, मी तुझी आई आहे.' वीणाबाईंनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. आयुष्यात कधी प्रॉम्प्टरकडे न पाहिलेली ती बाई नुसती उभी राहिली.

विंगेत नेत्रा हातात संहिता घेऊन होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मी तुझी आई आहे."

वीणाबाईंनी मान वळवली. विंगेतल्या नेत्राच्या डोळ्यांत पाहून त्या म्हणाल्या, "मी तुझी आई आहे."

नेत्राने घाईघाईने हाताने खूण केली. इकडे नाही, तिकडे. निधीकडे.

वीणाबाई वळल्या आणि तेच वाक्य निधीला म्हणाल्या. या वेळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्या थांबेनात.

नंतर मागच्या वर्गात नेत्रा खोबरेल तेल आणि कापूस घेऊन त्यांचा रंग उतरवायला बसली.

"मावशी, ब्लँक झालीस ना? माझ्याकडेच डायलॉग मारलास."

"हो गं."

"पण काय म्हणालीस! मला एकदम भरून आलं."

वीणाबाईंनी तिचं मनगट धरलं. "नेत्रा, मला तुला..."

"आई असती ना आज," नेत्रा म्हणाली, "तर पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडली असती. तुझं प्रत्येक नाटक बघताना रडायची ती. मी विचारायचे, अगं, मावशी दुष्ट झालीये, तू का रडतेस? सांगायची नाही." तिने कापूस पुन्हा तेलात बुडवला. "मला फार आठवण येते गं तिची."

धरलेलं मनगट वीणाबाईंनी सोडलं.

"तू काहीतरी सांगत होतीस."

"कानामागे राहिलाय रंग, तो पण काढ," वीणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.