सुमीचं वांगं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

गोष्ट वांग्याची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. रोहणा गावातल्या आमच्या परसात पांढरट-हिरवं वांगं व्हायचं, देठाला कडक काटे. माझ्या माहेरी त्याला काटेरी म्हणत, बाजारात भरताचं. सासूबाई मात्र म्हणायच्या — सुमीचं वांगं. सुमी त्यांची लेक. नऊ वर्षांची असताना कुठून तरी रोप आणून तिनं लावलं, आणि त्याच वर्षी तापानं गेली. तेव्हापासून सासूबाई दर मोसमात एका वांग्याला लाल दोरा बांधायच्या. ते बियाण्याचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. पिकून पिवळं झालं की बी काढून राखेत घोळून ठेवायचं.

एका वर्षी ते वांगं बकरीनं खाल्लं. इतकी वर्षं मी स्वतःशी असंच म्हणत आले — बकरी सुटली, तिनं खाल्लं. सुटली होती का? नाही. दोरा मी सोडला. वांगं तोडून तिच्यापुढे मीच टाकलं.

का? सकाळी माझ्या हातचं भरीत चाखून त्या म्हणाल्या होत्या, "सुमी असती तं असं नसतं केलं." एवढंच. मेलेल्या पोरीचा मला हेवा वाटला.

मग घाबरले. वांगं गेल्याचं सासूबाईंना कळू न देता वर्ध्याहून वांग्याच्या बियांची पुडी आणली. त्या बियांना गुलाबी औषध लावलेलं असतं — ते धुतलं, बिया वाळवल्या, राखेत घोळल्या. सासूबाईंना मोतीबिंदू. त्यांनी बोटांनी चाचपून, सुमीचंच बी समजून पुरचुंडी बांधली.

पुढच्या मोसमात वांगी धरली. त्यांनी देठावरून हात फिरवला.

"काटे काऊन नाई वं याले?"

मग त्याच म्हणाल्या, "माह्याच हातून बिघडलं असन. सुमीचं एवढंच होतं, तेही मले सांभाळता नाई आलं."

तेव्हा बोलायला हवं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. त्या आणखी चार वर्षं जगल्या. बिघडलेलं का होईना, सुमीचं म्हणून तेच बी जपलं, शेजारी वाटलं. दर मोसमात देठ चाचपत राहिल्या — आणि मी बघत राहिले.

आता आम्ही सिंदी मेघेत राहतो. मागच्या आठवड्यात रोहण्याची शेजारीण पिशवी घेऊन आली. "घ्या वहिनी, तुमच्या सुमीचं वांगं."

देठ गुळगुळीत होते. मी भाजी केली. जेवताना घरात सगळे त्याला सुमीचंच वांगं म्हणत होते. मीसुद्धा.