गोव्यातला माझ्या पन्नाशीचा सत्कार

हसायचं नाही, एवढी अट आधी कबूल करा, मगच सांगतो. एक जूनला गोव्यात माझी जी शोभा झाली, ती वैऱ्याचीसुद्धा होऊ नये.

युसूफ वडगाव या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याला गाव कळतं ते दळणावरून. कुणाच्या डब्यात रोजच्यापेक्षा पायलीभर गहू जास्त दिसले की मी विचारणारच, "काय कौसाबाई, पाव्हणे कुठले?" याला काही लोक भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे! मी चौकशी म्हणतो.

तर मे महिन्यात आमचा गणेश पुण्याहून सुनेला, पूजाला, घेऊन आला होता. स्वयंपाकघरात आईशी हळूच बोलत होता, "अण्णाला इतक्यात कळू द्यायचं न्हाई. गोव्याला गेल्यावर सांगू."

मी दाराआड पाणी प्यायला गेलतो. (माठ दुसरीकडे असतो, ते सोडा.) झालं! डोक्यात गिरणी सुरू. गोव्याची सहल गणेशनंच ठरवलेली. कधी? एक जूनला. एक जूनला वाढदिवस कुणाचा? माझा! कितवा? पन्नासावा! म्हणजे पोरगं गुपचूप बापाचा सत्कार ठेवतंय!

मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त दळणाला येईल त्याला सांगितलं. शेजारच्या कौसाबाईला तर फोटो पाठवायचा शब्द दिला. भाषण लिहून खिशात ठेवलं आणि फेटा बॅगेत.

गोव्याच्या हॉटेलात त्या संध्याकाळी हवाई बेटांवरच्या पद्धतीचं जेवण आणि नाचगाणं होतं. समुद्राकाठी मशाली, ढोल, नारळाच्या झावळ्यांची कमान.

"अण्णा, फेटा कावून बांधलाय?" गणेशनं विचारलं. मी नुसता हसलो. कसं नाटक करतंय बघा पोरगं!

कमानीत एका मुलीनं माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला. मी आपल्या रीतीप्रमाणे नमस्कार केला आणि हार लगेच काढून हातात धरला. गळ्यात हार ठेवून मिरवणारा माणूस किती हावरा दिसतो! पण त्या मुलीचा चेहरा पडला. तिनं परत घातला. मी परत काढला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा मी तो काढून तिच्याच गळ्यात घातला.

"झालं एकदाचं," मागून आमची ही म्हणाली. "आता अक्षता टाकू का आमी?" गणेशनं तर फोनच वर धरला होता.

आत जाऊन बघतो तर सगळ्यांच्याच गळ्यात हार! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. माझ्या सत्काराला आलेल्यांचाही पोरानं मान राखला! तेवढ्यात शंख वाजला. मी हात जोडून उभाच राहिलो.

मग माईकवाला हिंदीत म्हणाला, "आज जिनका जन्मदिन है, वो स्टेज पर आ जाएँ!"

मी भाषण चाचपलं, फेटा सावरला आणि ऐटीत निघालो.

माझ्या मागून आणखी आठ जण निघाले.

सगळे माझ्या आगेमागे वयाचे, सगळे आपल्याच भागातले. शेजारी उभा होता तो तर आमच्याच जिल्ह्यातल्या दिंद्रुडचा निघाला.

"तुमचं बी एक जूनच?" मी विचारलं.

"गुर्जींनी लावलेलं. तुमचं?"

"गुर्जींनीच."

आता बोला! आमच्या वेळी आईला एवढंच आठवायचं की, बाजरी काढायला आलती तेव्हा झालास. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे! दिंद्रुडकराच्याही खिशातून कागद डोकावत होता. मी माझा आत ढकलला.

भाषण राहिलं बाजूला. त्यांनी आम्हा नऊ जणांच्या कमरेला गवताचे घागरे बांधले आणि कंबर हलवायला लावली. वर फेटा, खाली गवत! आमची म्हैस तिथं असती तर तिनं मला वैरण समजून गव्हाणीतच ओढलं असतं. समोर गणेश फोन धरून हसून हसून लोळत होता.

खाली येऊन मी ताट सरकवलं. "ह्योच का माझा सत्कार?"

"कसला सत्कार, अण्णा?"

"मग आईला काय सांगत व्हतास? अण्णाला कळू द्यायचं न्हाई म्हणून?"

गणेशनं आईकडं बघितलं. शेवटी ही म्हणाली, "आवं, आजोबा होनार हाव तुमी. तीन महिने भरल्याबिगर कुनाला सांगत नसत्यात. अन् तुमाला सांगनं म्हंजी गिरणीवर भोंगा लावनं!"

आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण जीवही तुटला. लोकांच्या घरी किती पाव्हणे जेवले ते मला पिठावरून कळतं, आणि माझ्याच घरात पाव्हणा येणार, त्याचा मलाच पत्ता नाही!

बरं, सत्कार तर बुडाला. निदान ही बातमी तरी गावात माझ्या तोंडून जावी! हात धुवायच्या निमित्तानं उठलो आणि माडाआड जाऊन फोन लावला.

"कौसाबाई, बातमी हाय! आमच्या पूजाला..."

"कवाच माहीत हाय, अण्णा. सगळ्या गल्लीला माहीत हाय. तुमच्या मंडळींनीच सांगितलं. फक्त अण्णाला कळू देऊ नका म्हनल्या."

मी माडाआडून वाकून हिच्याकडं बघितलं.

"ते जाऊ द्या," कौसाबाईनं आवाज बारीक केला. "गणेशनं व्हिडिओ धाडलाय. तुमी जिच्या गळ्यात हार घातला, ती कोन हो? मला सांगा की. मी कुनाला सांगत न्हाई."