दोन डॉक्टर आणि डोरीनचा घोटा

“डॉक्टर सांगतील तेवढंच मी करते, त्यापुढं इंचभर नाही,” असं डोरीन ऑक्स्टोबी एकदा म्हणाली होती.

इंग्लंडच्या ग्रिम्सबी बंदरातल्या मासळीच्या शेडमध्ये आम्ही एकतीस वर्षं शेजारी उभ्या राहून हॅडक माशांचे काटे काढले. पायाखाली सदा बर्फाचं पाणी. तिचा डावा घोटा झिजून हाडावर हाड घासू लागलं. हाडं जोडून घोटा पक्का करायचा, एवढाच उपाय उरला. पण इस्पितळाचं पत्र आलं : आधी सिगारेट सोडा.

डोरीन दिवसाला तीस ओढायची. आमच्या दवाखान्यातल्या डॉ. पिकरिंगबाईंनी स्वतः तिच्या हातात ई-सिगारेट दिली. “मारतो तो धूर. यात तो नाही. सिगारेटपेक्षा ही पुष्कळ बरी.”

आठवड्यात सिगारेट सुटली. तिच्या अंगाला ई-सिगारेटच्या वाफेचा, स्ट्रॉबेरीचा वास येऊ लागला.

“हॅडकला आज जॅम लावलास का गं?” मी चिडवायचे.

“तुझ्या नवऱ्याच्या मोज्यांपेक्षा बरा.”

मार्चमध्ये शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले. सर्जननं लघवीचा अहवाल वाचला.

“मिसेस ऑक्स्टोबी, तुम्ही अजून ओढताय.”

“सात महिन्यांत एकही नाही.”

“मग हे निकोटीन कुठलं?”

तिनं पिशवीतून ई-सिगारेट काढून टेबलावर ठेवली. “हिचं. डॉक्टरांनीच दिलीय.”

“त्यांचं चुकलं नाही. फुफ्फुसांना ही बरीच. पण निकोटीन कशातूनही येवो, रक्तवाहिन्या आवळतं, हाड जुळू देत नाही. जुळलं नाही तर पाय आत्तापेक्षा वाईट होईल. मी शस्त्रक्रिया करणार नाही.”

“पत्रात फक्त सिगारेट लिहिलं होतं,” मी म्हणाले.

त्यानं फाइलीतलं पत्र काढून वाचलं. “हो. ते आमचं चुकलं. हीसुद्धा सोडा, मग नवी तारीख. वर्ष लागेल.”

“ही सोडली तर मी परत तीसवर जाईन,” डोरीन हळू म्हणाली. “मी स्वतःला ओळखते.”

त्यानं पत्र मिटून फाइलीत ठेवलं. कोणी खोटं बोललं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथं दोन्ही डॉक्टर खरं सांगत होते, आणि त्या दोन खऱ्यांच्या मधे एका बाईला उभं राहायला जागा नव्हती.

डोरीननं काठी टेकली, टेबलावरची ई-सिगारेट तिथंच राहू दिली आणि डावा पाय ओढत दाराबाहेर गेली.