कराराबाहेरचा माणूस

ओटमार हेफेले आणि मी एकाच सप्टेंबरात कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. गॉप्पिंगेनच्या खोऱ्यात नुसतं 'कारखाना' म्हटलं तरी गिअरबॉक्सचाच, हे सगळ्यांना कळतं. मी काही वर्षं लेथवर काढली, मग मालकापुढे कामगारांची बाजू मांडणाऱ्या कामगार मंडळात निवडून आलो आणि हात काळे करायचं विसरलो. ओटमारने संध्याकाळची शाळा केली, रविवार जाळले आणि सदतिसाव्या वर्षी इंजिनिअर झाला.

पण आमच्याकडे श्रेणी माणसाला नसते, कामाला असते. युनियनच्या पगार करारात सतरा श्रेणी. तू किती हुशार हे कुणी विचारत नाही, तुझ्या टेबलावरचं काम कोणत्या श्रेणीचं तेवढं बघतात. ओटमार चाचणी विभागात चौदावीवर अडकला. गिअरबॉक्स फिरताना नुसता आवाज ऐकून तो "तिसऱ्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय" असं सांगायचा. विद्यापीठातून आलेले लोक तोच गिअरबॉक्स दोन दिवस खोलून हेच शोधून काढायचे आणि वर्षभरात त्याच्या पुढे जायचे. श्रेणीवाढीचे त्याचे अर्ज मीच लिहून द्यायचो. तीनदा एकच उत्तर आलं: कामाचं स्वरूप बदललेलं नाही. त्याची बायको इर्मेला म्हणायची, "अर्ज करतोस का नवस?" तो हसायचा, पण ते त्याला लागायचं.

बावन्नाव्या वर्षी त्याला विभागप्रमुख केलं. सतरा श्रेणींच्याही वर, कराराबाहेर. म्हणजे पगार मालकाशी थेट बोलून ठरवायचा, हजेरीचं घड्याळ नाही, पस्तीस तासांचा आठवडा नाही. आणि कराराने दिलेलं बाकीचं काहीही नाही.

दुपारी कँटीनमध्ये मी मसूर आणि श्पेत्सले, म्हणजे आमच्याकडच्या अंड्याच्या शेवया, खात होतो. तो समोर येऊन बसला आणि त्याने नवं नेमणूकपत्र ताटाशेजारी ठेवलं.

"वाच, लेका. चौथा अर्ज लिहायचे तुझे कष्ट वाचले."

मी वाचलं. चार पानं, सरळसोट. वाचता वाचताच मला कळलं की यात एक ओळ नाही. आमच्या करारात त्रेपन्न वर्षं पूर्ण झालेल्याला सहजासहजी कामावरून काढता येत नाही. वर चढणारा माणूस ते संरक्षण खालीच ठेवून जातो, पण 'हे कलम पुढेही लागू राहील' एवढी ओळ मागितली तर व्यवस्थापन कुरकुर करून का होईना, घालतं. त्याच्याआधी दोघांना ती मीच घालून दिली होती. ओटमारच्या त्रेपन्नाव्या वाढदिवसाला पाच महिने होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने खिशातून युनियनचं कार्ड काढलं.

"आणि हे तुझ्याकडेच ठेव. तुम्हा लोकांच्या शिडीने मला चौदाव्या पायरीवर बारा वर्षं उभं केलं. आता माझं मी बघीन."

तीन अर्ज मी लिहिले होते. एकेका वाक्यासाठी मंडळातल्या आमच्याच माणसांशी भांडलो होतो. मला इतका राग आला की त्या ओळीबद्दल बोलायचं मी सोडून दिलं. मी कार्ड खिशात टाकलं आणि म्हणालो, "अभिनंदन, साहेब." तो खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. संध्याकाळी फोन करून सांगू असं मनाशी म्हटलं. केला नाही. आठवड्याने त्याने सही केली, आणि मग मी म्हटलं, आता काय उपयोग.

पुढची दोन वर्षं तो आठवड्याला पन्नास-पन्नास तास राबला. मग चाचणी विभाग हंगेरीला न्यायचं ठरलं. काढायच्या लोकांची यादी मंडळाकडे आली, आमचं म्हणणं मांडायला एक आठवडा. विभागात एकोणीस माणसं. पंचावन्न-छप्पन्नच्या चौघांना कलमाने वाचवलं, त्यांना असेंब्लीत जागा मिळाली. यादीत पहिलं नाव हेफेले. विभागच उरणार नव्हता, त्यामुळे प्रमुखही नको होता. आणि त्याच्यासारखी दुसरी जागा कारखान्यात नसल्यामुळे वय आणि नोकरीची वर्षं तोलून त्याच्याऐवजी काढायलाही कुणी नव्हतं.

तो मंडळाच्या खोलीत आला तो जवळजवळ निश्चिंत.

"अरे, मी चोपन्न पूर्ण केलंय. आपल्याला हात लावता येत नाही ना?"

"करारातल्यांना," मी म्हणालो.

त्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. "मग मला काय?"

"सात महिन्यांची नोटीस. आणि जातानाची रक्कम, ती आम्ही ताणून घेऊ."

"चोपन्नाव्या वर्षी मला कोण घेणार, फोल्कर? आवाज ऐकून बेअरिंग ओळखतो म्हणून?"

मी यादी उलटी करून ठेवली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तू ती चार पानं नीट वाचली होतीस. तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो. "एका ओळीचं काम होतं."

तो ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची पुन्हा टेबलाला लावून ठेवली.

"मी असतो तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "कितीही राग आला असता तरी."

त्याने सांगितलं असतं. पस्तीस वर्षं मी त्याला ओळखत होतो.