पुस्तकातला गाडीवान

मी आयुष्यात एकच पुस्तक पुरं केलं, आणि तेही ऐकून. चौथीत दोन वर्षं काढली. तिसऱ्या वर्षी मास्तरच म्हणाले, तू आता जनावरं सांभाळ. जनावरांचंही माझ्याशी जमलं नाही, म्हणून ड्रायव्हर झालो. चाकणच्या एका काँट्रॅक्टरच्या मागे मागे चेन्नईला आलो आणि आयटीवाल्यांची स्टाफ बस धरली. ती अजून सुटलेली नाही. तमिळ मला भांडणापुरतं येतं, इंग्रजी पार्किंगपुरतं.

मुलगी मात्र इथेच वाढली. तमिळ फाडफाड, इंग्रजी त्याहून जोरात, आणि मराठी फक्त आईबापांसाठी. सातवीत असताना तिच्या हातात ते जाडं इंग्रजी पुस्तक आलं. राजे, जादूगार, उडणारी जनावरं, शाप लागलेला डोंगर. संध्याकाळी मी ड्युटीवरून येऊन फरशीवर आडवा व्हायचो, ती माझे पाय दाबायची आणि दिवसभर वाचलेलं सांगायची. मराठी अडलं की तमिळ घुसडायची. अर्धा वेळ मी घोरतच असायचो. एकदा कंटाळून विचारलं, "एवढ्या लांब लांब जातात सगळे. त्यात ड्रायव्हर नाही का कोणी?"

ती म्हणाली, बघते.

दुसऱ्या दिवशी गाडीवान निघाला. दोन बैलांची गाडी, स्वतः जाडा, बडबड्या. रस्ता विचारायला लाज वाटते म्हणून राजपुत्राला तीन दिवस त्याच वाळवंटात गोल फिरवतो. सगळे रडत असले की हा काहीतरी वेडंवाकडं बोलून त्यांना हसवतो. माझी झोपच उडाली. मी हिच्या आईला म्हणालो, बघ, एवढ्या मोठ्या लेखकाला पण ड्रायव्हरशिवाय चालत नाही. पुढे दोन महिने मी रोज आधी गाडीवानाचं विचारायचो, मग राजाचं. बसमधल्या क्लीनरला पण ती सगळी गोष्ट सांगितली, त्याने ऐकली नाही तरी.

यंदा त्या पुस्तकाचा पिक्चर आला. थेटरातला होताच, मग त्याचाच लांब केलेला आला, चार तासांच्या वरचा. मुलीने घरी लॅपटॉपवर लावला. मी शेजारी बसलो. मला इंग्रजी कळत नव्हतं, पण मला कळायचं होतंच कुठे, मी एका माणसाची वाट बघत होतो. चार तासांत बाथरूमला गेलो नाही, नेमका तेव्हाच यायचा म्हणून. लढाई संपेना, राणी रडायची थांबेना, आणि गाडीवान काही येईना. शेवटची पाटी पडली तेव्हा मला खरोखर राग आला. एवढा वेळ वाढवला आणि माझ्याच माणसाला कात्री लावली.

मुलगी महिनाअखेरीला नोकरीसाठी जर्मनीला जाणार होती. कॉलेजात गेल्यापासून आमचं बोलणं आटलेलं होतं. भांडण वगैरे नाही, विषयच नव्हता. मला वाटलं, जायच्या आधी एकदा तिच्या माणसांत बसावं, तिच्या गोष्टीतलं काहीतरी बोलावं, म्हणजे लांब गेल्यावर फोनवर धरायला एक धागा राहील. त्या पुस्तकाच्या वेड्यांची अण्णा नगरमध्ये रविवारी सकाळी बैठक होती. मी म्हणालो, मी येतो. ती दोनदा कशाला म्हणाली, मग बरं म्हणाली. हिच्या आईने बजावलं, "जाताय तर जा. पण तोंड उघडू नका."

एका कॉफीच्या दुकानावरची खोली होती. वीसेक पोरंपोरी आणि मी. मला "अंकल" म्हणून पंख्याखालची खुर्ची दिली. वाद होता तो लांब केलेल्या पिक्चरवर. एक चष्मेवाला म्हणत होता, वाढवलं ते छान झालं, गोष्ट मोठी झाली. आणि त्याच्या विरुद्ध उभी होती माझी मुलगी. ती काय बोलते ते शेजारचा पोरगा मला तमिळमधून सांगत होता. पुस्तकात जे नाही ते पिक्चरमध्ये घालायचा कोणाला हक्क नाही, ज्याने घातलं त्याने पुस्तकावर प्रेमच केलं नाही, असं ती म्हणत होती. काय बोलत होती. सगळे ऐकत होते. माझी छाती एवढी फुगली की तिला मदत करायला मी उभा राहिलो.

मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणालो, घातलं ते सोडा, काढलं त्याचं काय? तो गाडीवान कुठे गेला? सगळ्यांना हसवणारा? पुस्तकातला सगळ्यात चांगला माणूसच गाळला.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चष्मेवाल्याने अदबीने विचारलं, "अंकल, कुठल्या चॅप्टरमध्ये?" मी म्हणालो, वाळवंटाच्या. लगेच पोरांनी मोबाइलवर पुस्तक उघडून शोधायला सुरुवात केली. गाडी तीनदा सापडली. दोनदा भोपळ्यांची आणि एकदा मढ्यांची. गाडीवान एकदाही नाही. वाळवंटही नव्हतं.

मी मुलीकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती, कान लाल झालेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढा उशिरा पडला म्हणून तर चौथीत दोनदा बसलो. त्या जाड्या पुस्तकात माझ्यासारखं कोणीही नव्हतं. कधीच नव्हतं. बारा वर्षांच्या पोरीला बापाला ते सांगवलं नाही.

चष्मेवाल्याच्याही ते लक्षात आलं. तो हसत तिला म्हणाला, "मग तू घातलास का गाडीवान? तुझी पण एक्स्टेंडेड?" दोघं-तिघं हसले.

ती म्हणाली, "अप्पांची गल्लत होतेय. दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरमधलं आठवतंय त्यांना."

मी लगेच म्हणालो, "हो हो, दुसराच पिक्चर. मी बघताना झोपतो ना, सगळे पिक्चर एकात एक मिसळतात." आणि घोरून दाखवलं. सगळे मोकळं हसले. माझं घोरणं लोकांना आवडतं. वाद पुढे चालू झाला आणि शेवटी हात वर करायला सांगितले तेव्हा मुलीची बाजू जिंकली. मीही हात वर केला. पुस्तकात जे नाही ते नको.

परत येताना बसमध्ये ती डावीकडे बायकांच्या सीटवर बसली, मी उजवीकडे. इथे तशीच पद्धत आहे, त्यामुळे कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. उतरल्यावर पुढे चालताना ती एवढंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही आधी मला विचारायचं होतं ना." मी म्हणालो, चुकलं. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

ती गेली त्याला आता पाच महिने झाले. रविवारी फोन येतो. जेवण, थंडी, आईचे गुडघे, तीन मिनिटांत होतं सगळं. परवा धीर करून म्हणालो, त्या गाडीवानाचं पुढे काय करणार होतीस गं?

ती म्हणाली, "अप्पा, मला खरंच आठवत नाही."

मी म्हणालो, असू दे, आणि तिला सांगायला लागलो, इथल्या, चेन्नईजवळच्या कोवलमच्या रस्त्यावर मासळीच्या गाड्यांनी किती जाम लावला होता. ती हं हं करत होती. पलीकडे की-बोर्डचा आवाज येत होता.