यिन ताईंची पावलं थानच्या खिशात

आमच्या जिन्यावर थान खायछंगला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने पुढे यावं, चहा माझ्याकडून. जिना म्हणतो, पण चोंगछिंगमध्ये जिना म्हणजेच गल्ली. खालच्या टोकाला रस्ता आणि मोनोरेल, वरच्या टोकाला धुकं, आणि मधे माणसं. थान सगळ्यात खाली, रस्त्याला लागून असलेल्या एका खोलीत राहतो. मधल्या टप्प्यावर फेंग वहिनींचं चहाचं दुकान आहे; मी राहतो घरी, पण सापडतो तिथे. आणि सगळ्यात वर, जिथे कुरिअरवालासुद्धा जायला कुरकुरतो, तिथे यिन सुमिन ताई.

थान जन्मभर नदीवरच्या रोपवेत यंत्रं तपासायला होता. डबा इकडून तिकडे, तिकडून इकडे. निवृत्तीच्या आधीच त्याची बायको त्याला सोडून छंगतूला बहिणीकडे निघून गेली. मी स्वतः तिला कारण विचारलं होतं. (मी विचारतो. कुणीतरी विचारायला हवं.) ती म्हणाली, "त्या माणसाशेजारी झोपणं म्हणजे चालत्या बसमध्ये झोपणं हो. गेली इतकी वर्षं मी प्रवासातच आहे."

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर नाद लागला फोन घासायचा. आमच्याकडे घासणंच म्हणतात. जुन्या फोनमधली जुनी सिस्टिम खरवडून काढायची आणि तिच्या जागी या वर्षीची नवीकोरी बसवायची; तीही अशा फोनवर, ज्याच्याकडे बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच पाठ फिरवली आहे. देशभरातले हौशी लोक घरबसल्या अशा सिस्टिमी जुळवतात, इंटरनेटवर ठेवतात, आणि थानसारखे त्या उतरवून घेतात. जमलं तर म्हातारा फोन धावायला लागतो. फसलं तर त्याची वीट होते. म्हणजे मेला, काहीही दाबा, काळाठिक्कर. थानच्या खिडकीत अशा विटांवर मोगऱ्याची कुंडी ठेवलेली आहे.

"फोन म्हातारा होत नाही, दादा," तो मला सांगतो, आणि सांगताना या पायावरून त्या पायावर होतो. "त्याला म्हातारा ठरवतात. आतला कारभारी बदला, मग बघा."

माझाही कारभारी त्याने बदलला. तेव्हापासून कॅमेऱ्यात माझं तोंड हिरवं येतं. तक्रार केली तर म्हणाला, "पण वेग बघा ना, वेग!" खरं आहे. पूर्वीपेक्षा फार लवकर हिरवं दिसतं. फेंग वहिनींच्या फोनचं घड्याळ मनाला येईल ती वेळ दाखवतं, आणि वहिनी त्याप्रमाणे दुकान उघडतात असा माझा आरोप आहे. तरी सगळी गल्ली त्याच्याकडेच जाते. चालू वस्तू टाकून द्यायचं आमच्या पिढीच्या जिवावर येतं, आणि थानचं बोलणं असं की आपला फोन शाळेत पहिला येणार आहे असं वाटायला लागतं.

आता यिन ताई. सूतगिरणीत उभं राहून राहून गुडघे गेलेली बाई. पण जीभ शाबूत. नवरा वारला, आणि मुलगा योंगलि हार्बिनला मोठ्या कारखान्यात. मुलगा वाईट नाही, हीच अडचण. वाईट असता तर त्याचं ऐकायची गरज नव्हती. तो कधीपासून म्हणतोय, "आई, इथे ये. लिफ्ट आहे, घर गरम आहे." आणि ताई म्हणतात, "तिथे नाकातला श्वास गोठतो, आणि जेवणात तिरफळ नाही. मेल्यावर घेऊन जा, टिकेन तरी."

शेवटी मायलेकरांत तह झाला. आम्ही सगळे ज्या ॲपवर गप्पा मारतो त्यात पावलांची यादी असते, तुम्हाला माहीतच असेल. रोज कोण किती चाललं ते ओळखीच्या सगळ्यांना दिसतं, आणि अंगठा द्यायचा. दूर राहणारी मुलं सकाळी आधी तीच यादी बघतात. पावलं पडली म्हणजे आई उठली. योंगलि म्हणाला, "तुझी पावलं दिसतील तोवर तू तिथे. जिना चढेनाशी झालीस की मी न्यायला आलोच."

गेल्या हिवाळ्यात गुडघ्याने हात टेकले. ताई दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या, खालची भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर ओढायच्या. आणि गंमत अशी, की नेमकी तेव्हापासून त्यांची पावलं वाढली.

"खुर्चीत बसलेली बाई यादीत माझ्या वर कशी?" मी फेंग वहिनींना विचारलं.

वहिनींनी माहजोंगच्या सोंगट्या मांडता मांडता डोळा बारीक केला. "तुम्हाला खरंच कळलं नाही? सकाळी थान भाऊ नूडल्सचा वाडगा घेऊन वर जातो. येताना रिकामा वाडगा असतो आणि दोन्ही खिसे फुगलेले. एकात त्याचा फोन. दुसऱ्यात कुणाचा?"

असं होतं. थानला चालायचंच होतं, तो आपला त्यांचा फोन घेऊन चालायचा. नदीकाठ, बाजार, वर, खाली. दुपारी मुलगा जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर बोलायचा, त्याच्या आत फोन ताईंच्या हातात परत. फार सोयीचं चाललं होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत, बाहेर कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखा.

मग ॲपने कळवलं, की पुढच्या महिन्यापासून आम्ही इतक्या जुन्या सिस्टिमवर चालणार नाही.

योंगलिने वर्षापूर्वीच नवा फोन पाठवला होता, सोबत मनगटाला बांधायची पट्टी. ती नाडी मोजते, झोप मोजते, आणि सगळं हार्बिनला कळवते. ताईंनी ते सगळं रजयांच्या कपाटात पुरून टाकलं होतं आणि मुलाला एकच सांगायच्या, "जुना छान चाललाय रे, उगाच कशाला." जुना बंद पडला की पट्टी मनगटावर येणार, आणि थानची नाडी ताईंच्या नावावर कशी लावायची? घरात मांजर शिरल्यावरसुद्धा त्याचे ठोके दुप्पट होतात.

"अहो थान," ताई म्हणाल्या, "तो घासा. पण वीट झाली तर मला गाडीत बसवायला तुम्हीच यायचं."

घासायच्या दिवशी मी थानच्या खोलीत होतो. मदतीला नव्हे, बघायला. त्याने गप्पा-फोटो सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं, वायर जोडली, जुनी सिस्टिम उडवली, नवी चढवली आणि फोन सुरू केला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. थान खोलीत फिरतोय. दारापर्यंत जातो, परत येतो, वाकून बघतो. गोल फिरतोच आहे. दुपार जवळ आली.

"थान, बस जरा. मला गरगरतंय."

"बसून काय होणार आहे?"

"उभं राहून तरी काय होतंय?"

"पहिल्यांदा वेळ लागतो, दादा. पहिल्यांदा लागतोच." आणि लगेच, "नाही, इतका नाही लागत." त्याने फोन बंद केला, काहीतरी पुसलं, पुन्हा चढवलं. पुन्हा गोल.   आणि मग एकदम उजेड, नवी चित्रं, सगळं लखलखीत. त्याने हाताला येईल ते भराभर परत चढवलं आणि तो फोन छातीशी धरून जिन्याने असा सुटला की फेंग वहिनींच्या दारातला कोंबडा उडून छपरावर बसला. ताईंच्या हातात फोन पडला आणि वाजला.

"आई, धापा कोण टाकतंय?"

"कुत्रा," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी थान नेहमीसारखा गावभर हिंडून आला. यादीत ताईंच्या नावासमोर शून्य. नवा कारभारी आला होता, पण फोनमधलं पावलं मोजणारं जुनं यंत्र त्याच्या ओळखीचं नव्हतं. योंगलिचे फोनवर फोन. ताईंनी पोट बिघडल्याचं सांगितलं. थानने खोलीचं दार लावून घेतलं आणि कुठल्यातरी भलत्याच फोनसाठी कुणीतरी लिहिलेला तुकडा आणून त्यात ठोकला. पावलं मोजली जायला लागली. जिन्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण तो तुकडा पाऊल कशाला म्हणायचं याबाबत फार उदार होता. धक्का बसला की पाऊल. आणि थान बसतो तेव्हा (बसतो म्हणजे टेकतो) त्याचा डावा गुडघा शिवणयंत्रासारखा चालू असतो. आणि ताईंचा फोन, नवा तुकडा तपासायला म्हणून त्या दिवशी दुपारनंतरही ठेवून घेतलेला, डाव्या खिशात. त्या संध्याकाळी तो चहाच्या दुकानात टेकून आमचा डाव बघत होता, आणि आम्ही डाव संपवेपर्यंत यिन ताई जिन्यावरच्या सगळ्यांना मागे टाकून, आपल्या नणंदांना, भाच्यांना, मुलाला मागे टाकून यादीत पहिल्या आल्या होत्या. जो पहिला येतो त्याचा फोटो सगळ्यांच्या यादीवर मोठा दिसतो. खुर्चीत बसून वाटाणे सोलतानाचा ताईंचा फोटो होता तो.

आम्ही हसून लोळलो. फेंग वहिनी म्हणाल्या, "थान भाऊ, तिकडे हार्बिनमध्ये मुलगा पदक घेऊन येईल आता."

मुलगा आला, पण पदक घेऊन नव्हे. त्याच्या साहेबांची आई गेल्या वर्षी अशीच चालायला लागली होती. दिवसभर, कुठेही, घराचा पत्ता विसरून. योंगलिने तो आकडा पाहिला. पहिलं विमान पकडलं. कुणाला सांगितलं नाही. सकाळी सकाळी बॅग घेऊन जिन्यावर चढताना, मधल्या टप्प्यावर दम घ्यायला थांबून त्याने आईला फोन लावला.

फोन आमच्या टेबलाजवळ वाजला.

थानने डावा खिसा दाबला. फोन वाजतच राहिला. मी सोंगट्यांकडे बघायला लागलो, वहिनी छताकडे.

"काका," योंगलि म्हणाला, आणि त्याचा आवाज फार बारीक होता, "माझी आई कुठे आहे?"

त्याला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं, आणि माझं हसू गेलं. थानने फोन खिशातून काढून पुढे केला. "वर," तो म्हणाला. "वर, वर. बरी आहे. नूडल्स खाल्ल्या. मीच... मी नुसता चालत होतो."

वर काय झालं ते जिन्याला ऐकू आलंच, कान लावायची गरज पडली नाही.

"किती महिने, आई? मी रोज सकाळी या माणसाची पावलं बघून कामाला जातोय?"

"चांगली पडत होती ना? मग?"

"आणि तू पडली असतीस तर? तू आत पडलेली आणि फोन नदीकाठी फिरतोय! मला काय कळलं असतं?"

 थान दाराबाहेर होता, तो भिंतीला टेकला. ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, आणि आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो.

"सामान बांध," योंगलि म्हणाला. "उद्या निघायचं. या जिन्यावर तुला ठेवणार नाही."

"जिना हीच अडचण ना?"

"हो."

"बरं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वतःच्या पायांनी निघाल्या. मुलाने पाठीवर घ्यायला वाकून दाखवलं, त्यांनी त्याला काठीने बाजूला केलं. एक पायरी, कठड्याला धरून उभं राहायचं, पुढची पायरी. प्रत्येक दारात माणसं. थान त्यांच्या एक पायरी खाली उलटा चालत होता, दोन्ही हात पुढे पसरून, आणि दर पायरीला दोनदा अडखळत होता.

"अहो, तुम्ही आधी नीट उतरा," ताई म्हणाल्या. "तुम्ही पडलात तर मी तुमच्यावर पडेन."

आमच्या टप्प्यावर फेंग वहिनींनी खुर्ची पुढे केली. "बसा ताई, गाडीला वेळ आहे."

"बसले तर उठणार नाही," म्हणून त्या पुढे गेल्या. कपाळावर घाम, ओठ घट्ट. मागून योंगलि बॅग घेऊन. डोळे पुसत होता. मी पाहिलं, आणि सांगणार नव्हतो, पण सांगितलं.

खाली रस्त्यावर गाडी उभी होती. चालकाने दार उघडून धरलं. ताई शेवटची पायरी उतरल्या, त्यांनी गाडीकडे पाहिलं, आणि वळून त्या थानच्या खोलीत शिरल्या.

"आई! गाडी इकडे आहे."

"दिसतेय मला. जिना नको म्हणालास ना? इथे जिना नाही. दवाखाना समोर, मोनोरेल शेजारी. गुडघ्याचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू, तूही चल. पण राहणार मी इथे."

"इथे? या काकांच्या... लोक काय म्हणतील?"

ताईंनी जिन्याकडे मान वळवली. आम्ही सगळे तिथेच होतो, वरपर्यंत.

"विचार की त्यांना," त्या म्हणाल्या. "तयारच आहेत."

योंगलिने आमच्याकडे पाहिलं. मी मोनोरेलकडे बघायला लागलो. चालक गाडीचं दार धरून ताटकळत होता, त्याने विचारलं, "जायचं का नाही?" 

आत थान धावत होता. उघडे फोन खुर्चीवरून पलंगावर, पलंगावरून खिडकीत, स्क्रू तोंडात धरलेले, वायरी गळ्यात. खोलीत टेकायला वीतभर जागा नव्हती आणि ताई काठीवर भार देऊन उभ्या.

"अहो थान," त्या म्हणाल्या, "आधी बसायला जागा करा. मग तुम्हीही बसा. मला बघायचंय ते."